मी शे ना, बोला तुम्ही

“मी शे ना, बोला तुम्ही!” फोनवर समोरचं माणूस जरा श्वास घ्यायला थांबलं, की आमची ही भाडेकरू पोर लगेच म्हणायची. म्हणजे, मी आहे, फोन कटलेला नाही. आमच्या खानदेशात असंच हो. तुम्हीही पाहिलं असेल, बोलणाऱ्याला हुंकार दिला नाही तर त्याला वाटतं, आपण भिंतीशी बोलतोय.

जळगावात आमच्या वरच्या खोलीत ती भाड्यानं राहायची. सातपुड्याच्या पायथ्याकडची पोर. धुळ्याच्या एका लहानशा रेडिओ केंद्रानं तिला सांगितलेलं, सोमवारपर्यंत फोनवर एक मुलाखत रेकॉर्ड करून पाठव, मधे तुझा आवाज नको. जमलं तर नोकरी. नाही जमलं तर गावी परत, आणि गावी मामानं स्थळ बघून ठेवलेलं.

मग काय, माझ्या डोक्यावर दिवसभर तिच्या चपला. इकडून तिकडे, तिकडून इकडे. फोन हातात घेतला की हिला बसवतच नसे. चहासुद्धा फेऱ्या मारत प्यायची.

आधी तिनं मुलाखतीसाठी एरंडोलच्या आत्याला फोनवर पकडलं. तोंडावर हात दाबून गप्प राहिली. आत्या ओरडली, “हॅलो! हॅलो! कटी गया का वं?” आणि फोन ठेवून मोकळी. भुसावळच्या काकूंना वाटलं, पोर रुसली. “माह्यं काही चुकलं का वं?” म्हणत त्यांनी माफीच मागितली! हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तिच्याही आलं, पण ते हसण्याचं नव्हतं.

“अक्का, बठ्ठं बिघडी गयं, सगळंच. तुम्ही बोलाल का?”

“मला गप्प कोण करतंय?”

“म्हणूनच तर तुमच्याकडे आले!”

रविवारी ती वर, मी खाली स्वयंपाकघरात, मधे फोन. विषय भरीत. मी सुरू झाले. वांगी कपाशीच्या काड्यांच्या जाळावर भाजावीत, गॅसवर नाही, लाकडी बडगीत ठेचावीत. भाजणारी मी, ठेचणारी माझी धाकटी बहीण, आणि मिरच्या किती यावरून दर वेळी भांडण. वरून अवाक्षर नाही. चपलाही बंद. म्हटलं, गेला फोन. पण माझं तोंड थांबतंय कसलं! कुणी ऐकत नाही म्हटल्यावर निघूनच गेलं, “ती वारली तेव्हापासून मी बडगीला हात लावला नाही. भांडायला कोण आहे आता?”

तोच जिन्यावर धाडधाड चपला. दारात ती, फोन अजून कानाला.

“मी शे ना, अक्का!”

“अगं येडे, रेकॉर्डिंग चालू आहे ना!”

“ऱ्हाऊ द्या.”

आणि माझ्या शेजारी फरशीवर बसली. फोन हातात असताना तिला बसलेलं मी तेव्हाच पाहिलं.

दुसरी मुलाखत घ्यायला वेळ कुठे होता? तीच पाठवली, चपलांसकट, माझ्या ‘येडे’सकट. केंद्राच्या साहेबांनी शेवटचं तेवढं कापलं आणि तिला बोलावून घेतलं.

आता ती धुळ्यात. छान गप्प राहायला शिकली आहे. तिचा फोन येतो, मी बोलते, बोलता बोलता थांबते. पलीकडून काही नाही. ऐकतेय, हे ठाऊक असतं मला. तरी माझा कान फोन सोडून जिन्याकडे जातो.