कुलपातलं पाणी

सोमारी मडावी रागीट बाई आहे, असं चंद्रपूरच्या त्या कॉलनीत सगळेच म्हणत. आणि त्यात खोटं काही नव्हतं. लॉनवर कुणी गाडी चढवली, कुणी कुत्रं सोडलं, कुणाच्या पाहुण्यांनी पत्रावळी टाकल्या, की ती हातातला विळा तसाच धरून समोर उभी राही आणि चार शब्द सुनावूनच बाजूला होई. पण हा राग पावसाच्या सरीसारखा होता. आला तसा जायचा. ज्या रागाची ही गोष्ट आहे तो मात्र आला आणि बसूनच राहिला.

सोमारी मूळची आरमोरीपलीकडच्या जंगलगावची. नवरा रस्त्याच्या कामावर होता. त्याच्यामागे ती चंद्रपूरला आली, आणि तो तापात गेल्यावर इथेच राहिली. मुलगी सुकरी आता आरमोरीच्या दवाखान्यात आया आहे. कॉलनी उभी राहिली तेव्हा बंगल्यांच्या मधल्या चौकात नुसता मुरूम होता. कुदळ मारली तर ठिणगी उडावी असला. सोमारीने मागं लागून लागून जवळच्या एका गावच्या तलावातला गाळ ट्रॅक्टरने आणवला, वीतभर पसरला आणि त्यावर हरळीची मुळं एकेक करून खोचली. दोन पावसाळे गेल्यावर तिथं असं गवत झालं की बाहेरून आलेला माणूस चप्पल हातात घेऊन चालायचा. अठरा वर्षं तिने ते राखलं. पहाटे पाचला टाकीजवळचा पाण्याचा मोठा वॉल फिरवायचा, पाइप ओढत न्यायचा, उन्हाच्या बाजूला जास्त, कडुनिंबाच्या सावलीत कमी, आणि ऊन चढायच्या आत पाणी बंद.

हे सगळं कॉलनीच्या कमिटीचे अध्यक्ष गौरकार साहेब रोज फिरायला निघाल्यावर पाहत. कोळसा खाणीतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले गृहस्थ. वाईट नव्हते, पण आपण सोडून दुसऱ्या कुणाला काही कळतं यावर त्यांचा फार विश्वास नव्हता. त्यांचा मुलगा पुण्याला. त्याने वडलांच्या डोक्यात भरवलं की आता बागेला पाणी माणसाने द्यायचं नसतं, मशीन देतं. फोनवरून चालतं.

फेब्रुवारीत नागपूरहून दोन माणसं आली. त्यांनी चौकाच्या जमिनीत नळ्या पुरल्या, जागोजाग फवारे बसवले आणि टाकीखाली एक पांढरी पेटी ठोकली. पेटीभोवती लोखंडी जाळीचा पिंजरा केला आणि त्याला कुलूप लावलं. तो मोठा वॉल, जो सोमारी रोज फिरवायची, तोही पिंजऱ्याच्या आत गेला.

सोमारी बघत उभी होती. म्हणाली, "साहेब, पाणी बंद कराचं असन तं कुठून कराचं?"

गौरकारांनी फोन दाखवला. "इथून."

"अन् तुमी नसान तं?"

"मी कुठेही असलो तरी इथूनच. त्याचाच तर फायदा आहे."

"अन् लाइटची लाइन गेली तं? पाणी आलं आभाळातून तं?"

नागपूरच्या माणसांपैकी एक हसला. म्हणाला, "मावशी, अब आपको कुछ नहीं करना है. आराम करो."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आराम तिने मागितला नव्हता. साहेब नसले तर, लाइन गेली तर, पाऊस आला तर, असे तीन प्रश्न तिने विचारले होते, आणि धड उत्तर एकाचंही मिळालं नव्हतं. किल्ली गौरकारांच्या खिशात गेली.

पेटी सुरू झाली. सगळीकडे सारखंच पाणी, वीस मिनिटं, सकाळ-संध्याकाळ. उन्हातल्या गवताला ते पुरेना आणि कडुनिंबाखाली चिखल होऊ लागला. वर खाणीकडून उडत आलेली कोळशाची धूळ. सोमारी आधी आठ दिवसांनी एकदा पाइपच्या तोंडाला अंगठा लावून बारीक धार करायची आणि पानं धुऊन काढायची. फवारा तसं करीत नव्हता. तो जमीन भिजवायचा, पानं काळीच राहायची. मार्चमध्ये गारांचा पाऊस आला. आभाळ फाटलं होतं, आणि त्या पावसात सगळे फवारे फिरत होते. सोमारी डोक्यावर पोतं घेऊन गौरकारांच्या पोर्चमध्ये गेली.

"साहेब, बंद करा जी. पावसात पाणी देऊन राह्यली तुमची मशीन."

गौरकारांनी फोनवर बोट फिरवलं. नेट नव्हतं. "होईल आपोआप बंद. वीस मिनिटांचं सेटिंग आहे."

वीस मिनिटं ती तिथेच उभी राहिली आणि पाण्यावर पाणी पडताना पाहत राहिली.

एप्रिल लागता लागता कडुनिंबाखालचं गवत सडलं. तळहाताएवढे पिवळे डाग, मग ताटाएवढे, आणि मुळाशी पांढरी बुरशी. गौरकारांनी कमिटीतल्या दोघांना घेऊन पाहणी केली आणि सोमारीला बोलावलं.

"तू मागच्या नळावरून बादलीने पाणी टाकतेस इथे. मशीनवर तुझा राग आहे म्हणून."

 अठरा वर्षं. तिने स्वतःच्या हातांनी खोचलेली मुळं होती ती.

"मी टाकतो पाणी?" ती म्हणाली. "मी? माह्या लेकरावानी वाढवलं मी याले, अन् मीच सडवीन?"

"आवाज खाली."

"नाई होत खाली!"

दुसऱ्या दिवशी तिला कमिटीच्या सहीचा कागद मिळाला. तिला वाचता येत नव्हतं. मागच्या क्वार्टरांमध्ये राहणाऱ्या अयूबभाईंनी वाचून दाखवला. अयूबभाई कॉलनीचे प्लंबर. क्वार्टरांच्या पंधरा खोल्यांत घरकाम करणाऱ्या बाया, वॉचमन, ड्रायव्हर अशी माणसं राहत, आणि सोमारीही तिथेच. कागदात लिहिलं होतं की पुन्हा असं वागल्यास कामावरून कमी करण्यात येईल. अयूबभाईंनी कागद घडी करून परत दिला आणि म्हणाले, "सोमारीबाई, मैंने भी बोला था उनको. सावलीची लाइन अलग टाका म्हटलं. सुना नहीं. मले म्हणते, तू पाइप जोड, डोकं नको लावू."

सोमारीने तो कागद चुलीत घातला नाही. खोलीतल्या खिळ्याला टोचून ठेवला. रोज दिसावा म्हणून.

मग मे आला. चंद्रपूरचा मे ज्याने काढला आहे त्याला सांगायला नको, आणि ज्याने काढला नाही त्याला सांगून कळत नाही. बोअर दिवसातून दोन तास पाणी देई. ते पाणी त्या एका टाकीत चढे, आणि टाकीतून दोन वाटा निघत. एक लॉनला, दुसरी क्वार्टरांना. बंगल्यांच्या टाक्या वेगळ्या होत्या. पंधरा खोल्यांचं पिणं, अंघोळ, भांडी, सगळं त्या टाकीवर.

गौरकार पुतण्याच्या लग्नाला बंगलोरला गेले. विमानाने. किल्ली त्यांच्याबरोबर गेली.

ते निघाले त्या दिवशी सकाळी सातला विजेची लाइन गेली. अकराच्या सुमारास आली. पेटीला आपली वेळ आठवेना, का काय झालं देव जाणे, पण ती जागी झाली आणि तिने चौकातले सगळे फवारे एकदम सोडले. शेहेचाळीस डिग्री ऊन. पाण्याची हवेतच वाफ होत होती. सोमारी नळावर भांडी घासत होती. तिला आवाज आला, फस्स फस्स. ती धावत आली. वीस मिनिटं झाली. तीस झाली. फवारे थांबेनात.

अयूबभाईंनी गौरकारांना फोन लावला. बंद. त्यांच्या मुलाला लावला. तो म्हणाला, लॉगिन पप्पांकडे आहे. कंपनीच्या नंबरवर एक बाई इंग्रजीत काहीतरी सांगत राहिली आणि गाणं वाजत राहिलं. वॉचमन म्हणाला, पेटीची लाइनच काढू. पण तिला जाणारी तारही पिंजऱ्याच्या आतच होती.

तोवर क्वार्टरांतल्या बाया हंडे घेऊन बाहेर आल्या होत्या. नळाची धार बोटाएवढी झाली होती. अयूबभाईंची सून नाजिया आठ दिवसांची बाळंतीण. तिच्या बाळाचे कपडे बादलीत साबणातच राहिले होते. ती दाराशी उभी राहून नुसती बघत होती.

सोमारी पिंजऱ्यासमोर गेली. आत तो मोठा वॉल दिसत होता. हिरव्या रंगाचा, तिच्या हाताने घासून घासून चकचकीत झालेला. हातभर अंतरावर. जाळीतून बोटं जात होती, तळहात जात नव्हता.

"अयूबभाई, सबल द्या."

"बाई, तुमच्यावर येईल. कागद आहे तुमच्या नावाचा."

"येऊ द्या. देता का मी आणू?"

त्यांनी दिली. सोमारीने ती पहार कुलपाच्या कडीत अडकवली आणि अंगातलं सगळं बळ लावलं. पहिल्या हिसक्याला कडी वाकली. दुसऱ्याला तुटली. तिसरा हिसका द्यायची गरज नव्हती, पण तिने दिला, आणि दार बिजागरीतून निघून खाली पडलं. मग तिने वॉल धरला. उन्हाने तापून चटका देत होता. पदर गुंडाळून तिने तो फिरवला, पूर्ण. फवारे एकेक करून खाली बसले.

टाकीत वीतभर गाळाचं पाणी उरलं होतं. पुढचा दीड दिवस क्वार्टरांतल्या बायांनी रस्त्यापलीकडच्या हापशीवरून पाणी वाहिलं. एकाही बंगल्यातून बाहेर येऊन कुणी विचारलं नाही की तुम्हाला पाणी हवं का. हे सोमारीने मोजून ठेवलं.

गौरकार परतले आणि रविवारी संध्याकाळी कमिटीच्या हॉलमध्ये सभा बोलावली. कंपनीकडून नागपूरची एक इंजिनिअर मुलगी आली होती, दीपिका वाघाडे. पेटीचं काय नुकसान झालं ते बघायला. येताना तिने एक फॉर्मही आणला होता. कंपनी नवीन मॉडेल काढणार होती, त्यात काय काय असावं असं गिऱ्हाइकांना विचारायचं होतं.

गौरकारांनी आधी फॉर्म भरायला घेतला. पेटी नुसतं बोलून चालू व्हावी. फोनवर रंगीत आलेख असावा. फवाऱ्यांत रात्री लाइट लागावे. इतर सभासदांनी माना डोलावल्या. मग ते सोमारीकडे वळले. ती दाराशी उभी होती, तिच्या मागे अयूबभाई आणि क्वार्टरांतल्या सात-आठ बाया.

"माफी माग आणि विषय संपव," गौरकार म्हणाले. "नाहीतर उद्यापासून येऊ नकोस."

"माफी कायची?"

"कमिटीची मालमत्ता फोडलीस."

"अन् पंधरा घरचं पाणी तुमी उन्हात उडवलं, त्याची माफी कोण मांगते?" सोमारी आत आली. "विमानात बसले, किल्ली खिशात. इथी बाळंतीण बाई कोरडी. मी तीन गोष्टी विचारल्या होत्या तुमाले पहिल्या दिवशी. हासले तुमचे माणसं. आता मले विचारता, काऊन फोडलं?"

"या बाईला यातलं काही कळत नाही," गौरकार दीपिकाला म्हणाले. "तिच्याकडे साधा फोनसुद्धा नाही."

 दीपिकाने फॉर्मला अडकवलेलं पेन काढलं. "कोणत्या तीन गोष्टी, बाई?"

सोमारीला त्या मुलीचाही रागच आला होता. तिच्याच पेटीने हे केलं होतं. ती म्हणाली, "इथी नाई सांगत. चल बाहेर. चपला काढ."

हॉलमधली माणसं खिडक्यांशी आली. सोमारीने दीपिकाला अनवाणी लॉनवर नेलं. आधी उन्हाच्या बाजूला उभं केलं. "पाय उचल. पाह्य, गवत उठलं का? नाई उठलं. तहान आहे त्याले." मग कडुनिंबाखाली नेलं. दीपिकाचा पाय पिवळ्या चिखलात रुतला. "इथी तहान नाई. तरी पाजते तुही पेटी. एका घरात दोन लेकरं, एक उपाशी, एक अजीर्णानं मेलं, तरी दोघाच्या ताटात सारखंच वाढते. कोणती माय असं करते?"

दीपिका लिहीत होती. सोमारी थांबायला तयार नव्हती. पाऊस पडला तर तिला कळलं पाहिजे. लाइन गेली तर वेळ विसरली नाही पाहिजे, आणि विसरलीच तर गप बसलं पाहिजे. टाकीत पाणी किती हे आधी पाहिलं पाहिजे, प्यायचं पाणी सोडून मग गवत. आठवड्यातून एकदा बारीक फवाऱ्याने पानं धुतली पाहिजेत, इथं कोळसा पडतो, नागपुरात बसून तुला दिसणार नाही. वाचता न येणाऱ्या माणसालाही कळेल असं काहीतरी पाहिजे, हिरवा लाल दिवा. "अन् बंद कराची मूठ बाहेर पायजे. बाहेर! जो माणूस इथी उभा आहे त्याच्या हाताले लागन अशी. बंगलोरात नाई."

शेवटचं बोलताना तिचा आवाज फाटला. ती रडली नाही. वळून थेट खिडकीतल्या गौरकारांसमोर गेली. "मी माफी मांगत नाई. काढा मले."

मागून अयूबभाई बोलले, "इनको निकालोगे तो उद्या नळ कोण दुरुस्त करते ते पण पाह्यून घ्या." बायांपैकी एकीने घरकामालाही येणार नाही म्हटलं. मग दुसरीने. कमिटीतले लोक एकमेकांकडे पाहू लागले. सोमवारी सकाळी प्रत्येकाच्या सिंकमध्ये भांडी असणार होती.

सोमारीला काढलं नाही. पिंजरा परत बसवला नाही. महिन्याभरात क्वार्टरांसाठी वेगळी टाकी आली, पण ती सभासदांनी स्वखुशीने दिली असं फलकावर लिहिलं.

दिवाळीनंतर कंपनीने नवी पेटी पाठवली. सावलीची लाइन वेगळी, पाऊस ओळखणारी वाटी, टाकीत पाणी कमी झालं की लाल दिवा, आणि बाहेरच्या बाजूला मोठी पिवळी मूठ. पानं धुण्याची सोय नव्हती. दीपिकाने अयूबभाईंच्या फोनवर सोमारीशी बोलून सांगितलं की ती गोष्ट वरच्या लोकांनी मान्य केली नाही, कोळशाची धूळ सगळीकडे नसते म्हणे.

"त्याईले इथी आण," सोमारी म्हणाली, "अन् पांढरा शर्ट घालून बसव दोन घंटे." आणि फोन परत दिला.

जानेवारीत गौरकारांकडे पाहुणे आले. साहेब त्यांना चौक दाखवत होते. "ही मूठ बाहेर असावी, सावलीला पाणी वेगळं असावं, हे सगळं आम्ही कंपनीला सुचवलं. आमच्या कमिटीने."

सोमारी कडुनिंबाखाली नवी मुळं लावत होती. ती उठली. हात मातीचे तसेच. पाहुण्यांसमोर येऊन उभी राहिली.

"यायनं नाई सुचवलं," ती म्हणाली. "मी सुचवलं. माह्यं नाव सोमारी मडावी. यायनं मले कागद देल्ला होता."

 गौरकारांनी घसा खाकरला, घड्याळात पाहिलं, आणि "हो, हो, हिचीही मदत झाली" असं काहीसं पुटपुटले.

"मदत नाई," सोमारी म्हणाली.

मग ती परत जाऊन बसली आणि राहिलेली मुळं लावू लागली. राग तसाच बसून होता. अयूबभाईंनी संध्याकाळी चहाला हाक मारली, तरी ती मुळं खोचतच राहिली.