दवाखान्यात जायची साडी

"आधी साडी नेस, मंग कुठं दुखते ते सांगजो!" दवाखान्याच्या फाटकाशी मावशी प्रत्येकीला बजावत आणि पिशवीतून कडक खळीची आकाशी साडी काढत.

मी तिथल्या ओपीडीत सिस्टर. मावशी नाचणगावच्या, वांगी-मेथी विकणाऱ्या. अडल्यानडल्या बायांना आमच्याकडे आणणं हा त्यांचा बिनपैशाचा उद्योग. चहाटपरीच्या आडोशाला त्या चादर धरून उभ्या राहत. चादरीमागे मजूरबाई जायची आणि मास्तरीणबाई होऊन बाहेर यायची. वर शिकवणी चालूच, "दुखून राह्यलं नको म्हणू, दुखतंय म्हणजो."

मला हसू यायचं. एकदा विचारलंच, "मावशी, आजार काय साडी पाहतो?"

"आजार नाई पाहत, सिस्टर. तुमी पाहता."

मला भयंकर राग आला. आम्ही काय कपडे पाहून औषध देतो?

त्याच आठवड्यात एका बाईवर मी खेकसले, "ए बाई, मागं सरक, सगळ्यांचंच पोट दुखतं." तिनं मान वर केली आणि मी ओळखलं. दोनच दिवसांपूर्वी, आकाशी साडीत, तिला मी "बसा ताई" म्हणत खुर्ची दिली होती. पोटदुखी तीच होती.

तेव्हापासून मला त्या साडीची भीती वाटू लागली. खिडकीतून ती दिसली की माझा आवाज आपोआप मऊ व्हायचा. तुम्हीही कधी आपला आवाज ऐकून पाहा.

मावशींना मी हे कधी सांगितलं नाही. "कशाही या, मी आहे ना," एवढंच म्हणायचं होतं. लाज वाटली, राहून गेलं.

मागच्या थंडीत निरोप आला आणि मी ड्युटी सोडून नाचणगावला गेले. अंगणात माणसं जमली होती. शेजारीण रडत सांगत होती. मावशींच्या छातीत सकाळपासून कळा येत होत्या, घाम फुटला होता. तिनं ऑटोही आणला होता. पण साडी आदल्याच संध्याकाळी एका बाळंतिणीकडून परत आली होती.

"मी म्हटलं, चाला मावशी, आहे तशा. तं म्हणे, अशी गेली तं गॅस आहे म्हणून परत पाठवतीन. साडी धुतली आहे, वाळू दे, मंग जाऊ."

साडी दोरीवरच होती. मी हात लावून पाहिला. काठ अजून ओला होता.