शिडाच्या जहाजावरचं स्थळ

नातीने मोबाइलवर पर्यटकांचं एक अवाढव्य जहाज दाखवलं. कप्तानाने बटण दाबताच पाचही डोलकाठ्यांवरची शिडं आपोआप उघडली. मला एकदम सोलापुरात मला बघायला आलेला तो मुलगा आठवला. तो अशाच जहाजावर नोकरीला होता. बाकीचे पाहुणे पोहे खात होते आणि हा आमच्या पडद्याची शिवण चिमटीत धरून तपासत होता. रोज शिडं तपासायची सवय!

मी नुकती बी.ए. झालेली, म्हणजे जगातलं सगळं कळत होतं. मी विचारलं, "इंजिनाच्या काळात शिडं? मालक लई गरीब आहेत का?"

"इंजिनबी हाय की," तो शांतपणे म्हणाला. "पण लोक वाऱ्यावर जायलाच तिकीट काढत्यात. बायकोलाबी दोन महिने नेता येतं. तुमाला बोट लागते का?"

मला अक्कलकोटची एसटीसुद्धा लागायची. पण कबूल कोण करणार? मी तोऱ्यात म्हणाले, "असल्या मागासलेल्या जहाजावर मी पाऊल ठेवणार नाही."

वडिलांनी कपाळाला हात लावला. पाहुणे उठले. चपला घालताना तो माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "पयले तीन दिवस मलाबी लई लागली व्हती. मग सवय हुतीया."

एवढं ऐकूनही मी शहाणीने दाराला कडी घातली.