भिलाईतली अनधिकृत थंडी

"गजभिये सर, थंडी नाहीये," प्रिन्सिपल मॅडम म्हणाल्या. म्हणताना त्यांचे दात वाजत होते.

गुरुवार होता, सकाळचे नऊ वाजले होते. मॅडमनी दोन शाली घेतल्या होत्या आणि कानाला मफलर बांधला होता. टेबलावर माझं रजिस्टर उघडं होतं. त्यात त्या दिवशीचं किमान तापमान माझ्याच अक्षरात लिहिलं होतं : वीस डिग्री.

"मॅडम, बाहेर मुलं कुडकुडून राहिली आहेत."

"मला दिसतंय. पण रेकॉर्ड काय म्हणतं?"

रेकॉर्ड म्हणत होतं की भिलाईत वसंत ऋतू चालू आहे.

मी भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये तीस वर्षं इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये होतो. फर्नेसचं तापमान मोजणं हे माझं काम. तिथले आकडे बाराशे, तेराशे असे असतात. रिटायर झाल्यावर शेजारच्या दुर्गमध्ये, मोहन नगरात, घरी बसवेना, म्हणून भिलाईतल्या एका खाजगी शाळेत लॅब सांभाळायला लागलो. शाळेनं हौसेनं एक छोटं वेदर स्टेशन उभारलं होतं, तेही माझ्याकडे आलं.

वेदर स्टेशन म्हणजे बागेच्या मागच्या कोपऱ्यात चार पायांवर उभा असलेला पांढरा लाकडी डबा. त्याच्या भिंतींना खिडकीच्या झडपांसारख्या फटी असतात. हवा आत खेळते, ऊन मात्र थर्मामीटरवर पडत नाही. आतला एक थर्मामीटर किमान तापमानाचा. त्याच्या नळीत स्पिरिट असतं आणि स्पिरिटमध्ये एक बारीक काडी. गारवा वाढला की स्पिरिट काडीला मागे ओढत नेतं. हवा पुन्हा तापली की स्पिरिट पुढे सरकतं, काडी तिथंच राहते. रात्री पारा कुठवर उतरला होता ते ती काडी सकाळी सांगते. मी साडेआठला रीडिंग घ्यायचो.

शाळेचा नियम होता : किमान तापमान सलग तीन दिवस बाराच्या खाली गेलं, तर शाळा सातऐवजी साडेआठला भरेल आणि स्वेटर-ब्लेझर घालता येईल. त्याआधी नाही. मॅडम नागपूरच्या, स्वभावानं वाईट नव्हत्या. पण नियम त्यांनी स्वतः लिहिला होता आणि माणूस स्वतः लिहिलेल्या नियमापुढे फार लाचार असतो.

नोव्हेंबर संपत आला होता. सोमवारी दुपारी अचानक ढग आले, पाऊस भुरभुरला, वाराही सुटला. संध्याकाळी आभाळ मोकळं झालं आणि उत्तरेची हवा आली. मंगळवारी सकाळी लोक रस्त्यात टायर जाळून बसले होते. बुधवारी धुकं पडलं. गुरुवारी ऊन आणि ढगांची पकडापकडी चालू होती. गावात जो तो म्हणत होता, असा आठवडा पाहिला नाही. माझ्या डब्यानं मात्र मंगळवारी एकोणीस दाखवले, बुधवारी साडेएकोणीस आणि गुरुवारी वीस. गाव जितकं गारठत होतं, तितका डबा तापत होता.

मुलांनी आपापला उपाय शोधला होता. नियम स्वेटर शर्टावर घालायला मनाई करत होता, म्हणून सगळे शर्टाच्या आतून दोन-दोन स्वेटर घालून येत. तीन दिवसांत अख्खी शाळा जाडी झाली. प्रार्थनेत हात जोडताना शर्टाची बटणं उडायची. 'हे प्रभो' म्हणताना सगळ्यांचे दात वाजायचे, त्यामुळे आमच्या प्रार्थनेला आपोआप ताल मिळाला होता. मॅडमनी 'थंडी अद्याप लागू नाही' असं सर्क्युलर काढलं, तर थरथरत्या हातानं केलेली सही त्यांच्या सहीशी जुळेना. क्लार्कनं ते परत पाठवलं.

बुधवारी संध्याकाळी घरी सुनंदा, माझी बायको, माझ्यावर घसरली होती.

"लोकायले कावून फसवता? अख्खं मोहन नगर कुडकुडून राह्यलं अन् तुमचा डबा एकोणीस म्हणते!"

"डबा नाई म्हणत, थर्मामीटर म्हणते."

"मंग त्याले घरी आना अन् बाल्कनीत झोपवा एक रात्र."

बोलणं टोमण्याचं होतं, पण मुद्दा बरोबर होता. लॅबमधला दुसरा थर्मामीटर माझ्या बॅगेत होता, तो मी रात्रभर बाल्कनीत ठेवला. गुरुवारी सकाळी त्यानं साडेदहा दाखवले. दुर्ग आणि भिलाई यांच्यात साडेनऊ डिग्रीचा फरक पडायला मध्ये हिमालय लागेल.

म्हणून मॅडमच्या केबिनमधून मी सरळ लॅबमध्ये गेलो. थर्मामीटर तपासायची साधी रीत म्हणजे बर्फ. वितळत्या बर्फात तो शून्य दाखवायला हवा. डब्यातला थर्मामीटर मी बर्फात बुडवला. त्यानं मुकाट्यानं शून्य दाखवलं. म्हणजे तो खोटं बोलत नव्हता. डब्यातच वीस डिग्री होते.

मी हे मॅडमना सांगितलं ही माझी चूक झाली.

"म्हणजे आपल्या कॅम्पसची हवाच वेगळी आहे," त्या म्हणाल्या आणि त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी तिथूनच ट्रस्टच्या अध्यक्षांना फोन लावला. अध्यक्षांना ॲडमिशनची काळजी असायची. दुपारपर्यंत सिविक सेंटरच्या बाजारातून बॅनर छापून गेटवर लागला : 'शहर काँपे, हमारा कैम्पस गरम!' तो पुढे एप्रिलपर्यंत तिथंच होता आणि एप्रिलमध्ये खरा ठरला.

मला मात्र चैन पडेना. डब्याचं दार उघडलं की तीन दिवस मला धुराचा वास येत होता. गावभर शेकोट्या आहेत, असेल, म्हणून मी सोडून दिलं होतं. त्या दुपारी मी पहिल्यांदा खाली वाकून पाहिलं. डब्याखालची जमीन नुकतीच झाडलेली होती. बाकी बाग पानांनी भरलेली असताना तेवढीच जागा स्वच्छ का असेल?

शुक्रवारी मी सहा वाजताच शाळेत पोचलो. उजाडत होतं. बागेच्या कोपऱ्यात माझा डबा दिसला नाही. दिसली ती एक जाडजूड गोधडी, चार पायांवर उभी.

गोधडीखाली एक गोरसी होती. गोरसी म्हणजे छत्तीसगढी घरांतली मातीची शेगडी. तिच्यात गोवरी आणि धानाचा भुसा घातला की ती रात्रभर धुमसत राहते. शेजारी आमची माळीणबाई बिसाहिन बसली होती आणि मूठभर भुसा गोरसीत सोडत होती.

"बिसाहिन! हे काय चालवलंय?"

ती दचकली, पण उठली नाही. पदर सावरत म्हणाली, "मशीन ला जाड़ झन लागे कहिके." मशीनला थंडी वाजू नये म्हणून. रोज संध्याकाळी ती गोरसी पेटवून जायची, पहाटे येऊन भुसा घालायची आणि साडेआठला मी यायच्या ऐन तोंडावर सगळं उचलून जागा झाडायची.

मी आधी चिडलोच. लाकडाचा डबा, खाली विस्तव, वरून गोधडी. वाऱ्यानं एक ठिणगी उडाली असती तर वेदर स्टेशनसह बाग गेली असती. हे सगळं मी तिला मोठ्या आवाजात सुनावलं. मग मी विचारलं, पण कशासाठी?

डब्याचा आणि शाळेच्या वेळेचा संबंध तिला मीच शिकवला होता. सोमवारी मी सातवीच्या मुलांना बागेत आणून डबा दाखवला होता. मुलांना गंमत वाटावी म्हणून म्हणालो होतो, "ह्या डब्याला तीन दिवस थंडी वाजली की शाळा उशिरा." बिसाहिन तिथंच झाडांना पाणी घालत होती. मुलांनी ते हसण्यावारी नेलं. मन लावून ऐकणारी विद्यार्थिनी ती एकटीच निघाली.

शाळेतलं तिचं काम साडेसहा ते साडेनऊ. तिथून सायकलनं नेहरू नगर. तिथं एक म्हातारी एकटी राहते, अंथरुणाला खिळलेली. तिला उठवायचं, भरवायचं, शुगरची गोळी द्यायची, सगळं दहाच्या आत. शाळेची वेळ दीड तास सरकली की बागकामाचीही सरकणार होती.

"मोर डोकरी दाई भूखे रहि जाही, साहब," ती म्हणाली. माझी म्हातारी आई उपाशी राहील. म्हातारी तिच्या नात्यातली नव्हती. पण ती 'मोर' म्हणाली.

"मग मॅडमना सांगायचं ना!"

तिनं डब्याकडे बोट दाखवलं. मॅडम नियमाचं ऐकतात आणि नियम डब्याचं ऐकतो. म्हणून ती मॅडमकडे न जाता डब्याकडे गेली होती. प्लांटमध्ये मीटिंगांत बसून मी एवढा सरळ विचार क्वचितच ऐकला असेल.

आम्ही दोघांनी गोरसी उचलून बाजूला नेली, गोधडी काढली. पंधरा मिनिटं डब्यात हवा खेळू दिली. स्पिरिट उतरत गेलं, अकराच्या थोडं खाली येऊन थांबलं. थंडी आल्यापासूनचं पहिलं खरं रीडिंग. मग आम्ही त्याच गोरसीवर हात शेकले, कारण थंडी भयंकर होती.

मॅडमच्या केबिनमध्ये मी रजिस्टरमधले तीन आकडे लाल शाईनं खोडले आणि शेरा लिहिला : 'उपकरणाजवळ कृत्रिम उष्णता. रीडिंग रद्द.'

"कृत्रिम उष्णता म्हणजे?"

"शेकोटी."

"कोणी लावली?"

"डबा माझ्या ताब्यात आहे मॅडम. मेमो द्यायचा तर मला द्या." मग मी म्हातारीची सगळी गोष्ट सांगितली. नाव घेतलं नाही, पण शाळेत माळीण एकच होती.

मॅडमनी शाल सोडून पुन्हा गुंडाळली. शेवटी म्हणाल्या, "झाडांना कुठं पहिला तास असतो? बागेची वेळ शाळेच्या वेळेला बांधलीच कोणी?"

बांधली त्यांनीच होती. पण मी ते बोललो नाही. मी तीस वर्षं नोकरी केलेली आहे.

बागेची वेळ बदलणार नाही, असा आदेश त्याच दिवशी निघाला. ह्या वेळी सही जुळली. मी तो बिसाहिनला वाचून दाखवला. तिनं दोनदा वाचायला लावला, मग गोधडी सायकलच्या कॅरिअरला बांधली आणि नेहरू नगरला निघाली.

शाळेचं मात्र सोपं नव्हतं. जुनी रीडिंग रद्द, म्हणजे तीन दिवसांची मोजणी नव्यानं सुरू. शुक्रवार, शनिवार, रविवार. रविवारी मी सुट्टी मोडून रीडिंग घ्यायला गेलो. तिन्ही दिवस बाराच्या खाली भरले. सोमवारी थंडी अधिकृतपणे जाहीर झाली, मंगळवारपासून लागू.

सोमवारी दुपारीच वारा फिरला. समुद्राकडून दमट ढग आले. मंगळवारी सकाळचं किमान तापमान वीस होतं, ह्या वेळी अगदी खरंखुरं. मुलं साडेआठला ब्लेझरमध्ये घामाघूम होऊन आली. ब्लेझर काढायची परवानगी मागितली, तर कळलं की त्यासाठी सलग सात दिवस पंधराच्या वर लागतात.

मी एवढंच शिकलो. एखाद्या यंत्राच्या आकड्यावर नियम टांगला असेल आणि आकडा विचित्र येऊ लागला, तर यंत्र खोलण्याआधी त्या नियमानं कोणाची अडचण होणार आहे ते विचारावं. स्क्रू-ड्रायव्हर लागत नाही आणि बर्फही वाचतो.