एक्केचाळीस तास

“सही करायला तुमचं काय झिजतं हो?”

“तुला कोणी मध्ये पडायला सांगितलं होतं?”

“कारकून दोनदा येऊन गेला. त्याला काय सांगू, आमच्या ह्यांना पेन उचलवत नाही?”

इंजिनमिस्त्री नखांतलं काळं तारेने कोरत बसला होता. ते काही निघणारं नव्हतं. लग्नाला तेवीस वर्षं झाली, बायकोने त्याची नखं स्वच्छ अशी कधी पाहिलीच नव्हती. टेबलावर कारकुनाने ठेवलेली टाइप केलेली पानं पडली होती. ठसकीचा सेवा-इतिहास.

ठसकी म्हणजे ते गस्ती जहाज. कागदोपत्री तिचं नाव चांगलं भारदस्त होतं, पण सुरू होताना ती जुनाट दमेकऱ्यासारखी ठसकायची, म्हणून खलाशांनी हे नाव ठेवलं. मिस्त्री एकोणिसाव्या वर्षी तिच्या पोटात उतरला आणि पंचेचाळिशीत वर आला, तेव्हा त्याचा डावा कान कामातून गेलेला होता. पुढच्या आठवड्यात तिचा निरोप समारंभ. त्यानंतर भंगारवाले.

पहिल्याच पानावर लिहिलं होतं, ‘समुद्राची सजग पहारेकरीण.’ ही पहारेकरीण त्याला आतून माहीत होती. तिच्या तळाशी तेलकट पाणी साचून सडक्या अंड्यांसारखं घाणायचं. आमटीत झुरळ निघालं तर लोक ते बोटाने काढून पुढे जेवायचे. तपासणी आली की गंजावर रंग, त्या रंगावर आणखी रंग. शेवटी एका खलाशाचा पाय डेकमधून खाली गेला तेव्हा कळलं की तिथे लोखंड उरलंच नव्हतं. डिझेलचोर एकदाच पकडले, तेही त्यांची होडी बंद पडून वाहत आली म्हणून. एरवी साहेबांचे सोफे इकडून तिकडे न्यायचे, साहेबांच्या साडूची सहल काढायची. त्या सहलीत साडूचं कुत्रं इंजिनखान्याच्या जिन्यावर ओकलं आणि ते मिस्त्रीने पुसलं. इतिहासात ती फेरी ‘विशेष मोहीम’ म्हणून आली होती.

पण सही हवी होती ती चौदाव्या पानासाठी. अकरा वर्षांपूर्वी वादळात एक मासेमारी बोट हरवली, बोटीवर नऊ माणसं. ‘जहाजाने एक्केचाळीस तास अथक शोध घेतला.’ इंजिनाच्या नोंदवहीतलं त्या दिवसांचं पान तेल सांडून वाचता येईनासं झालं होतं, म्हणून हजर असलेल्या कुणाची तरी साक्ष लागत होती. त्या वेळच्या इंजिनखान्यातला एकटा मिस्त्रीच आता हाताशी होता.

त्या नऊ जणांतला एक बायकोचा पाठचा भाऊ होता. चौदावं पान तिला तोंडपाठ झालं होतं. समारंभात ते मोठ्याने वाचणार होते, आणि पुढच्या रांगेत तिला आणि तिच्या आईला खुर्च्या ठेवल्या होत्या.

“आईला फार काही नकोय,” ती म्हणाली. “तिच्या लेकाला कोणीतरी शोधायला गेलं होतं, एवढं चार माणसांत ऐकायचंय. तेवढंही तुमच्याच्याने होत नाही?”

“ते पान घाण आहे.”

“माझा भाऊ आहे त्या पानात. तोंड सांभाळून बोला.”

मिस्त्रीने तार खाली ठेवली. “दोन्ही इंजिनं एक्केचाळीस तास चालली म्हणे. कशावर चालली? पंप कुठे होते?”

तिला कळलं नाही. मग त्याने सांगायला घेतलं, खाली मान घालून, नोकरीतली एखादी रटाळ गोष्ट सांगावी तसं. धक्क्यावर ठसकी आणि तिच्यासारखंच दुसरं, अशी दोन जहाजं होती आणि त्यांच्यात चालू इंधनपंप एकाच जहाजापुरते. जे बाहेर जाणार, त्याच्यावर ते चढवायचे. दुसऱ्याने धक्क्यावर रंगरंगोटी करून उभं राहायचं. वर्षानुवर्षं असंच चाललेलं, कोणाला त्यात वावगं वाटत नव्हतं. वादळाच्या आठवड्यात कुणा पाहुण्याला समुद्र दाखवायचा होता म्हणून मिस्त्रीनेच ठसकीचे पंप काढून शेजारणीला दिले. ती पाहुण्याला घेऊन लांबच्या बंदरात गेली आणि वादळामुळे तिथेच अडकली. आणि इकडे बोट हरवल्याचा निरोप आला.

कोळीधक्क्यावर बायाबापड्या जमल्या होत्या. साहेब म्हणाले, जहाज हललेलं दिसलं पाहिजे. धुराड्याखाली तेलकट चिंध्या पेटवून धूर केला. टगबोट तर प्रत्येक जहाजाला धक्क्यावरून ओढून बाहेर काढायला येतेच, तेव्हा कोणाला संशय येणार? टगने ठसकीला ओढत टेकडीच्या आडोशाला नेऊन उभं केलं. दोन दिवस सगळे पत्ते खेळले. नोंदवहीत मिस्त्रीने तासातासाला इंजिनाचे आकडे भरले, तापमानासकट. वळणदार अक्षरात.

“जहाज गेलंच नाही,” तो म्हणाला. “आता तुझ्या आईपुढे बसून मी हे पुन्हा खरं करू?”

बायकोने पाण्याचा पेला उचलला आणि न पिता खाली ठेवला.

“तिसऱ्या दिवशी मी डबा घेऊन आले होते.”

“हो.”

“तुम्ही जेवलात.”

“भूक लागली होती.”

“डोळे लाल होते तुमचे. मला वाटलं, जागून जागून झालेत. मी पाय चेपले तुमचे.” तिने आपल्या दोन्ही तळहातांकडे पाहिलं आणि ते साडीला पुसले. पुन्हा पुसले. “आणि माझा भाऊ तेव्हा पाण्यात होता.”

“सापडला असता असं नाही. त्या लाटांत...” मिस्त्रीला आपल्याच वाक्याची शिसारी आली. त्याने ते अर्धवट सोडलं.

ती उठली. दाराशी जाऊन तिने चप्पल चढवली.

“आईकडे निघालीस? सांगणार आहेस तिला?” तो खुर्चीतून अर्धा उठला. “सही करू का मग? तू म्हणशील तसं करतो. बोल ना काहीतरी. शिव्या तरी घाल.”

तिने दार उघडलं, आणि मागे न बघता जिना उतरून गेली.