खाली नाव घाला

सन १९९७. मी तेव्हा बावन्न वर्षांचा होतो आणि माझ्या सायकलच्या दुकानाच्या भिंतीवर मनोहर साळवींचा फळा होता. साळवी आता नाहीत. त्यांच्यावर कोणी काही लिहिलं नाही आणि पुढेही कोणी लिहील असं दिसत नाही, म्हणून मी लिहायला बसलोय. माझी शाळा चौथीपर्यंत. शुद्धलेखन ज्याला बघायचं असेल त्याने बघत बसावं.

साळवींची पहिली ओळख म्हणजे त्यांचं उलटं वाचणं. हॉटेलात तुम्ही पेपर उघडून बसलात की ते समोरच्या बाकड्यावर बसायचे आणि तोच पेपर पलीकडून, उलटा, वाचायचे. वर तुमच्या आधी पान संपवायचे. मला पहिल्यांदा भेटले ते असेच. मी अक्षर अक्षर लावत बातमी वाचतोय, आणि समोरून आवाज आला, "उलटा की पान. तो चोर शेवटी सापडतो."

जन्मभर त्यांनी छापखान्यात खिळे जुळवले होते. शिशाचं एकेक अक्षर उचलायचं, ओळीत लावायचं, आणि ते अक्षर असायचं उलटं. छापल्यावर सुलटं. त्यामुळे माणसाला सगळं जग उलटं वाचता यायचं. पुढे छापखान्यात कॉम्प्युटर आला. मालकाने खिळे भंगारात घातले आणि साळवींना नारळ दिला. मग हे गृहस्थ एक दिवस खांद्यावर काळा रंगवलेला फळा घेऊन माझ्या दुकानात आले.

"जगताप, तुमची भिंत पाहिजे."

"कशाला?"

"चौकातून दिसते. तुमचं दुकान तसंही आता कोणी बघत नाही."

बोलणं झोंबलं, पण खोटं नव्हतं. सदाशिव पेठेत ज्याच्या त्याच्या बुडाखाली स्कूटर आली होती. भाड्याच्या सायकली भिंतीला टेकून गंजत होत्या. मी म्हटलं, लावा. त्यांनी फळा ठोकला आणि वरच्या पट्टीवर पांढऱ्या ऑइलपेंटने सुरेख अक्षरात लिहिलं: 'चौकाचा फळा. चालक : मनोहर साळवी.'

आमच्या शहरात चौकाचौकात असे फळे होते, पण ते कुठल्या ना कुठल्या मंडळाचे किंवा पक्षाचे. त्यांचाच माणूस लिहिणार, बाकीच्यांनी वाचायचं. साळवींच्या फळ्यावर कोणीही लिहावं. खडू खाली डब्यात. अट एकच. "खाली नाव घाला," साळवी म्हणायचे. "नाव घाला आणि मग मला शिव्या द्या." हे त्यांनी छापखान्यातून आणलं होतं. निवडणुकीच्या पत्रकावर खाली छापणाऱ्याचं नाव नसलं तर पोलीस छापखान्यात येऊन बसतात, हे त्यांनी तरुणपणी बघितलेलं. दुसरा नियम असा, की कोणाचंही लिहिलेलं पुसायचं नाही. पटलं नाही तर खाली उत्तर लिहा. फळा रविवारी सकाळी साफ होणार, मध्ये नाही. "मजकूर लिहिणाऱ्याचा, खिळे माझे. जुळाऱ्याने मजकुराला हात लावायचा नसतो."

माझ्यावरही पाळी आली. एकाने लिहिलं, 'जगतापांनी पंक्चर काढलेलं चाक घरी पोचेपर्यंत परत बसतं.' खाली पूर्ण नाव. माझ्याच भिंतीवर. मी ओलं फडकं घेऊन निघालो, तर साळवींनी मनगट धरलं.

"उत्तर लिहा."

"मला लिहायला येत नाही एवढं."

"भांडायला येतं ना. तेच लिहा."

मी बराच वेळ खडू धरून उभा राहिलो आणि लिहिलं, 'काट्यातून चालवली तर बसणारच.' खाली माझं नाव. चौक हसला. तो माणूसही हसला आणि सायकल घेऊन परत माझ्याकडेच आला. तेव्हापासून साळवींचा नियम मला पटला होता, हे कबूल करतो. पुढचं सगळं लक्षात घेऊनही कबूल करतो.

त्या वर्षी महापालिकेची निवडणूक लागली. माझ्या दुकानावरच्या मजल्यावर राजन नावाचा एक इंजिनियर कॉम्प्युटरचा क्लास चालवायचा. गोड बोलणारा मुलगा, येता-जाता "काका, नमस्कार." तो एका उमेदवाराचा प्रचार सांभाळत होता. एका सोमवारी सकाळी मी दुकान उघडायला आलो तर फळ्यावर त्याच्या ठसठशीत अक्षरात लिहिलेलं. 'हिंदू बंधूंनो, आपला पैसा आपल्याच माणसाच्या दुकानात. समोरच्या बेकरीतून पाव घेणं बंद करा.' खाली सही. संपूर्ण नाव, पदवीसकट.

समोरची बेकरी युनूसभाईंची. त्यांच्या वडिलांनी काढलेली. चौकातल्या निम्म्या लोकांचे दुधाचे दात त्यांच्या टोस्टवर पडलेले. साळवी रोज सकाळी तिथून पाव घेऊन मग फळ्याकडे येत. त्या दिवशीही पावाची पुडी हातात घेऊनच आले, वाचलं, आणि उभेच राहिले. मी फडकं पुढे केलं. त्यांनी घेतलं नाही.

"नाव आहे खाली," ते म्हणाले.

तेवढ्यात युनूसभाई रस्ता ओलांडून आले. हाताला पीठ तसंच. "साळवीकाका, हे पुसा."

"पुसलं तर तो म्हणेल, खरं होतं म्हणून पुसलं. राहू दे. आज चौक बघेल हा माणूस काय लायकीचा आहे ते."

"चौक त्याला नाही बघत, काका. मला बघतोय."

साळवींनी खडू उचलला आणि राजनच्या ओळीखाली लिहिलं, 'मी रोज याच बेकरीतून पाव घेतो आणि घेत राहीन. मनोहर साळवी.' अक्षर असं की छापल्यासारखं.

युनूसभाईंनी वाचलं. "आता दोन ओळी झाल्या," ते म्हणाले. "दोन्ही माझ्यावरच." आणि परत गेले.

मग मी साळवींना धरलं. म्हटलं, "अहो, पंक्चर नीट काढत नाही म्हणाले तर मी नीट काढून दाखवीन. युनूसभाईंनी काय दाखवायचं? मुसलमान नाही असं दाखवायचं? याला उत्तर कसलं असतं?"

ते म्हणाले, "जगताप, आज तुम्ही म्हणता हे पुसा. उद्या दुसरा म्हणेल ते पुसा. पुसायचं फडकं एकाच्या हातात दिलं की फळा त्याचा होतो."

हे मला खोडता आलं नाही. अजूनही येत नाही. आणि माझं त्यांना खोडता आलं नाही. आम्ही दोन म्हाताऱ्यांनी चहा घेतला आणि एकमेकांकडे पाठ करून बसलो.

साळवींचा हिशोब असा होता, की नाव घालायचं म्हटलं की माणसाला लाज वाटते. निनावी पत्रक कोणीही छापतो, नावानिशी घाण करायला धीर होत नाही. जन्मभर त्यांनी तेच पाहिलं होतं. पण दुपारी एक जण आला, त्याने राजनच्या ओळीखाली आपलं नाव लिहिलं. मग दुसरा. संध्याकाळपर्यंत फळा खालच्या काठापर्यंत नावांनी भरला. ओळखीची नावं. बँकेतला एक, दवाखान्यातला एक. साळवींचं उत्तर त्या गर्दीत शोधावं लागत होतं. राजन खाली उतरला, फळा बघितला, आणि हात जोडून म्हणाला, "काका, आम्ही तुमचाच नियम पाळला बरं का. कुणी नाव लपवलेलं नाही."

साळवी म्हणाले, "दिसतंय." बाकी काही नाही. मी त्यांना एवढं कमी बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

रात्री मी ठरवलं, भिंत माझी आहे, सकाळी पुसणार, मग साळवी बोलोत न बोलोत. सकाळी गेलो तर पोलीस माझ्या आधी हजर. राजनच्या विरोधातल्या उमेदवाराच्या माणसांनी तक्रार केलेली. युनूसभाईंच्या प्रेमापोटी नव्हे, मतांसाठी. फौजदार तरुण होता. त्याने हवालदाराला सांगितलं, आधी हे साफ करा, दंगा नको. हवालदाराने माझ्या दुकानातलं पंक्चर बघायचं घमेलं उचललं आणि ते मळकट पाणी फळ्यावर ओतलं. दोनदा. सगळं वाहून गेलं, राजनचं, साळवींचं, बँकवाल्याचं.

मग फौजदाराने विचारलं, "हे लिहिलं कोणी?"

मी म्हटलं, "साहेब, आत्ता तुम्हीच धुतलंत की. नाव होतं खाली."

"नाव वर आहे," तो म्हणाला.

ऑइलपेंट. पाण्याने जातोय कशाला.

साळवींना चौकीत नेलं. मी मागोमाग सायकलवर. मी सांगितलं, राजनने लिहिलं, मी डोळ्यांनी वाचलं. राजनला बोलावलं. तो आला, साळवींकडे बघून मान हलवली आणि फौजदाराला म्हणाला, "वय झालंय त्यांचं, सांभाळून घ्या साहेब. मी कुठे काय लिहिलंय?" खाली नाव लिहिणाऱ्यांतला एकही जण चौकीत आला नाही. फौजदार मनाने वाईट नव्हता. त्याने साळवींना वाट करून दिली. "काका, एवढंच म्हणा की तुम्हाला माहीत नव्हतं, तुमच्या माघारी कोणीतरी लिहिलं."

"माहीत होतं," साळवी म्हणाले. "मी वाचलं होतं. दिवसभर ठेवलं होतं. छापणारा मी."

झालं. दोन समाजांत तेढ लावल्याचा गुन्हा साळवींवर. ज्याने लावली तो चौकीतून घरी जाऊन जेवला. शिवाजीनगर कोर्टाच्या तारखा सुरू झाल्या, त्या चालूच राहिल्या. राजनचा उमेदवार निवडून आला, गुलाल माझ्या दुकानात आतपर्यंत आला.

लोक म्हणतात, जगतापाला कायद्यातलं काय कळतं. मला एवढं कळतं की त्या सोमवारी कायदा पाहिजे होता आणि तो मंगळवारी आला, आणि आला तो चुकीच्या माणसाकडे. पुढच्या वर्षी परत निवडणूक लागली, लोकसभेची. त्या वेळी साळवींनी फळ्यावर लिहिलं की नगरसेवकाच्या कृपेने आमच्या नळाला गटाराचं पाणी येतं. खाली नाव. ते खरं होतं, मी ते पाणी प्यायलोय. नगरसेवकाने तक्रार केली की या माणसावर तेढ लावण्याचा गुन्हा आधीच आहे आणि तो आचारसंहितेत पुन्हा लिहितोय. लगेच माणसं आली आणि फळ्याला खाकी कागद गुंडाळून सुतळी बांधून गेली. त्या वेळी मात्र कोणाला उशीर झाला नाही. साळवी मला म्हणाले, "नळाच्या पाण्यात आणि गटाराच्या पाण्यात तेढ लावली म्हणे मी."

मी हसलो नाही. मला फार राग आला होता. कायद्यापेक्षा साळवींचाच जास्त.

कारण इकडे बेकरी बसत चालली होती. आमच्या पेठेत कोणी तोंडावर काही बोलत नाही. एकाने सांगितलं, डॉक्टरांनी मैदा बंद केलाय. दुसरा म्हणाला, सुनेला पाव आवडत नाही. बघता बघता सगळ्या चौकाला मधुमेह झाला. युनूसभाई सगळ्यांना "बरं, बरं, तब्येतीला जपा" म्हणायचे. साळवींच्या आणि माझ्या पावांवर भट्टी पेटत नाही. शेवटी त्यांनी कोंढव्याला मेहुण्याच्या गल्लीत गाळा घेतला.

सामान टेम्पोत चढत होतं तेव्हा साळवी त्यांच्याजवळ गेले. मी मागे उभा होतो.

"त्या दिवशी पुसायला हवं होतं का, युनूस?"

युनूसभाईंनी ट्रे टेम्पोत सरकवला. "पुसलं असतंत तरी मी कदाचित गेलोच असतो, काका. पण पोरगी शाळेत जाताना रोज तिथून जायची. तिने दिवसभर वाचलं ते. तेवढं तरी तिने वाचलं नसतं."

"मी तुमच्या बाजूने लिहिलं होतं."

"लिहिलंत ना," युनूसभाई म्हणाले. त्यांनी साळवींचा हात हातात घेतला आणि सोडला. टेम्पो गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानाकडे येत होतो तर पीएमटीच्या थांब्यावर साळवी. धुतलेला सदरा, हातात कापडी पिशवी.

"कुठे?"

"कोंढव्याला. पाव आणायला."

"अहो, काल तर गेला तो. भट्टी अजून लावायची असेल. पाव कुठला मिळायला?"

"मग उद्या परत जाईन. 'घेत राहीन' असं लिहिलंय मी. खाली नाव आहे."

"ते पोलिसांनी धुतलं, साळवी. माझ्याच घमेल्याने."

"खडू धुतला," ते म्हणाले.

बस आली. दांडा धरून वर चढता चढता त्यांनी विचारलं, "तुम्हाला किती आणू?"

मला त्यांच्याशी बोलायचंही नव्हतं. मी म्हटलं, "सहा. आणि जरा कडक भाजलेले बघून आणा."