आईचं नाव लावणारी स्टेनुन

सिनेमावाल्यांना मारकुटा बाप भारी आवडतो. पट्टा, फुटलेल्या बशा, कोपऱ्यात थरथरणारी पोर, आणि शेवटी तीच पोर हातात सुरा घेऊन उभी. खलास! लोक सुटकेचा श्वास सोडून घरी जातात. मार खाऊन घर सोडलेल्या बायकांना आसरा देण्याचं काम मी करते. सुरा उचललेली मला अजून एकही भेटली नाही. म्हणून आमच्या गावच्या स्टेनुनबद्दल लिहिते.

स्टेनुन मासळीच्या कारखान्यात कॉड मासे कापायची. बाप थोरग्रिमुर बोटीचा कप्तान. समुद्रावर देवमाणूस, घरात जनावर. आई अस्ता भर उन्हाळ्यातही मनगटापर्यंत स्वेटर घालायची. आम्हा आइसलँडच्या लोकांना आडनाव नसतं. बापाच्या नावाला 'दोत्तिर', म्हणजे लेक, जोडलं की झालं. कारखान्यात लागल्या लागल्या स्टेनुननं बापाचं नाव काढून टाकलं आणि आईचं लावलं. स्टेनुन अस्तूदोत्तिर, म्हणजे अस्ताची लेक! मुकादमानं धक्क्यावर ते नाव मुद्दाम खणखणीत आवाजात पुकारलं. थोरग्रिमुर तिथंच दोर गुंडाळत होता. एकुलती एक लेक त्याची. हात थांबले. इतकी वर्षं बहिरं झालेल्या गावाला आता ऐकू न आल्याचं सोंग करता येईना. त्याच आठवड्यात अस्ता लेकीनं घेतलेल्या भाड्याच्या खोलीवर राहायला आली, आणि तिचं कपाट उचलायला शेजारचे पुरुष आपणहून धावले. उशिरा का होईना, धावले.

पुढं स्टेनुन आजी झाली, तेव्हा राजधानी रेक्याविकहून टिन्ना नावाची दिग्दर्शिका आली. पोहण्याच्या तलावाजवळच्या गरम पाण्याच्या हौदात गाव सकाळी गळ्यापर्यंत बुडून गप्पा मारतं. तीही तिथंच, स्टेनुनच्या आणि माझ्या शेजारी, पाण्यात उतरली.

"स्टेनुन, तुझ्यावर सिनेमा करायचाय. फक्त शेवटी तू त्याला भोसकतेस."

"मी? अगं, मी कॉड सोडून कुणाला सुरी लावली नाही!"

"पण प्रेक्षकांना बदला हवा असतो."

"घेतला की! त्याचं नाव त्याला परत दिलं."

"मग शेवटी बापाचं काय होतं?"

"काय व्हायचंय? म्हातारा होतो. एकटा बसून सूप पितो."

हौदातली गुडफिन्ना म्हातारी फिसकन हसली, "आणि तेही अळणी!"

टिन्ना हसली नाही. "पैसे घालणारे असल्या शेवटाला हात लावणार नाहीत गं."

मला राहवलं नाही. म्हटलं, "मग त्यांनाच भोसक!"

स्टेनुननं मला कोपरानं ढोसलं. "तू गप. हे बघ टिन्ना, त्याच्या हातून मी सुटले ती खुनी न होता. ते मी कुणाला विकणार नाही. सुरा हवा असेल तर दुसरी बघ."

टिन्नानं दुसरी रचली. सिनेमा आला तेव्हा आम्ही दोघी गेलो. पडद्यावर बापाच्या पावलांचा आवाज आला तशी स्टेनुननं माझा हात असा आवळला की बोटं बधिर झाली. मध्यंतरात म्हटलं, "चल घरी." ती म्हणाली, "थांब गं, बघू दे." ज्येष्ठमधाच्या गोळ्या घेऊन परत बसली. सुरा निघाला तेव्हा ती आरामात चघळत होती.

बाहेर आल्यावर म्हणाली, "बिचारी पोर. आता तुरुंगात सडणार. चल लवकर, नातवंडं जेवायला यायचीत."